फिरत्या घराचा मुक्काम : सोलापूर जिल्ह्यातील पालखी तळांच्या रचनेचा विचार

प्रस्तावना

प्रवाशाच्या मुक्कामाचा अभ्यास करताना खोली हे एकक धरण्याची प्रथा पर्यटनविषयक लेखनात रूढ आहे. खोल्या किती, खाटा किती, दर काय, यांवरून एखाद्या गावाची प्रवासी सामावून घेण्याची क्षमता मोजली जाते. मात्र जे प्रवासी आपले घर बरोबर घेऊनच निघतात, त्यांच्या बाबतीत हे माप निरुपयोगी ठरते. छप्पर त्यांच्याजवळ असतेच. ते उभे करण्यासाठी त्यांना जागा हवी असते. त्या जागेकडून त्यांच्या ज्या अपेक्षा असतात, त्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याच्या अपेक्षांहून अगदी निराळ्या असतात.

पाश्चात्त्य देशांत अशा प्रवासाला शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लबची स्थापना १९०७ साली झाली. अमेरिकेत मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथे १९६२ मध्ये, सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाकडे निघालेल्या वाहनधारकांची सोय म्हणून यलोस्टोन नदीकाठी मुक्कामाचे एक मैदान सुरू झाले आणि त्यातून 'केओए' ही मैदानांची मोठी साखळी उभी राहिली. भारतात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. या धोरणांना अपेक्षित असलेली, आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली वाहने सोलापूर जिल्ह्याच्या रस्त्यांवर क्वचितच दिसतात. तथापि फिरत्या घराची आणि त्याच्या तळाची कल्पना या जिल्ह्याला नवी नाही. दरवर्षी आषाढात हजारो फिरती घरे जिल्ह्यात येतात, ठरलेल्या मैदानांवर उतरतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुढे जातात. पंढरीच्या वारीतील दिंड्यांचे तळ हा या विषयाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर पारखला गेलेला नमुना होय. प्रस्तुत लेखात त्या तळांच्या रचनेचा विचार प्रवाशाच्या बाजूने केला आहे.

दिंडीचा संसार

वारीवरील लेखनात दिंडीचे आध्यात्मिक अंग विस्ताराने येते. तिच्या बिऱ्हाडाकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. दिंडी हे चालणाऱ्यांचे पथक आहे, त्याचप्रमाणे ते एक चालते कुटुंबही आहे. वीणेकरी, टाळकरी, मृदंगवादक, तुळशी-वृंदावन घेतलेल्या स्त्रिया पालखीसोबत पायी चालतात. त्यांचा संसार मात्र ट्रकमधून जातो. तंबूचे कापड, खांब, दोर, खुंट्या, सतरंज्या, वळकट्या, पातेली, काहिली, शेगड्या, गॅसच्या टाक्या, धान्याची पोती आणि पाण्याचा टँकर असा हा सरंजाम असतो. पूर्वी हेच काम बैलगाड्या करीत. वारकरी दिंडीकडे भिशी भरतो आणि त्या बदल्यात दोन वेळचे जेवण व तंबूत आडवे होण्यापुरती जागा त्याला मिळते. एका दिंडीत पन्नास माणसे असतात, तशी काही शेही असतात.

सकाळी पालखी निघाली की तंबू उतरतात, ट्रक भरतो आणि पायी चालणाऱ्यांच्या आधी पुढच्या मुक्कामी पोहोचतो. सायंकाळी थकलेला वारकरी तळावर येतो, तेव्हा तंबू उभा असावा आणि चूल पेटलेली असावी अशी अपेक्षा असते. म्हणजेच तळाचा पहिला ग्राहक वारकरी नसून ट्रकचालक आणि त्याच्यासोबतची स्वयंपाकाची मंडळी असतात. तळाच्या आखणीत हा मुद्दा वारंवार निसटतो. स्वागतकमानी आणि फलक पायी येणाऱ्यासाठी उभारले जातात. पण दुपारच्या उन्हात दहा टनी ट्रक कोठून आत येणार, कोठे वळणार आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात दुसऱ्या कोणाच्या तंबूचा दोर न तोडता कसा बाहेर पडणार, हे आधी ठरवलेले नसते. अमेरिकेतील मैदानांवर वाहनाने एका बाजूने शिरावे व दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडावे, मागे घेण्याचा प्रसंगच येऊ नये, अशी जागांची मांडणी लोकप्रिय आहे. ट्रक मागे घेताना ज्याच्या पायाजवळ तंबूची खुंटी असते, त्याला या मांडणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

प्रवाशाला तळाकडून काय हवे, याचा शोध घेण्याचा एक साधा मार्ग म्हणजे त्याच्या ट्रकमध्ये काय आहे आणि काय नाही हे पाहणे. छप्पर, अंथरूण, अन्न, भांडी, माणसे हे सर्व ट्रकमध्ये आहे. सपाट व कोरडी जमीन, पुरेसे पाणी, मैला टाकण्याची जागा, उजेड आणि शेजाऱ्याशी तंटा झाल्यास तो सोडवणारा कोणीतरी, हे ट्रकमध्ये भरता येत नाही. उत्तम तळ एवढेच द्यायला बांधील आहे, आणि एवढे देणे हेच अवघड आहे.

काळी माती

संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्हा ओलांडून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी हे तिचे जिल्ह्यातील मुक्काम. संत तुकाराम महाराजांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते व बोरगाव, पिराची कुरोलीमार्गे वाखरीला पोहोचते. भीमा-नीरेच्या या पट्ट्यात दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेली काळी जमीन मोठ्या प्रमाणावर आहे. कोरडी असताना ती भेगाळते, भिजली की फुगते आणि चिकटते. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे आषाढात येथे सह्याद्रीसारखी संततधार नसते. पण एकच जोरदार सर अर्ध्या तासात तळाचा चिखल करून जाते. ट्रकची चाके रुततात, खुंट्या धरत नाहीत, तंबूत पाणी शिरते. रात्रभर उभे राहून काढलेल्या मुक्कामाच्या आठवणी अनेक जुन्या वारकऱ्यांकडे असतात.

यावरील उपाय स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने साधे आहेत. जमिनीला किंचित उतार देणे, भूखंडांच्या कडेने चर खणणे, वाहनांच्या मार्गावर मुरूम दाबून घालणे आणि तंबूंची जागा रस्त्याच्या पातळीहून थोडी उंच ठेवणे. येथे एक विसंगती मात्र नोंदवली पाहिजे. ट्रकला घट्ट, दाबलेला मुरूम हवा असतो. तंबूला खुंटी ठोकता येईल अशी माती हवी असते. संपूर्ण तळावर सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक घातले की पाहणाऱ्याला विकास झाल्यासारखा वाटतो, परंतु अशा जमिनीवर तंबू उभा राहत नाही. मग दोर दगडांना किंवा ट्रकच्या चाकांना बांधावे लागतात. रस्ता कठीण आणि भूखंड मातीचा, ही विभागणी करणाऱ्या आराखड्याला दिंडीचा ट्रक आतून ठाऊक आहे असे म्हणता येईल.

पाणी, मैला आणि माणसे

परदेशी कॅराव्हॅन आणि दिंडीचा ट्रक यांतील सर्वांत मोठा फरक या ठिकाणी आहे. कॅराव्हॅनमध्ये स्वच्छतागृह असते. सांडपाणी आणि मैला साठवण्याच्या वेगळ्या टाक्या असतात. मैदानावर पोहोचल्यावर नळ, वीज आणि मैलावाहिनी यांची जोडणी करायची किंवा ठरलेल्या ठिकाणी टाकी रिकामी करायची, एवढेच काम उरते. प्रवाशाने निर्माण केलेली घाण तो स्वतःच मैदानापर्यंत बंद टाकीतून आणतो. दिंडीच्या ट्रकला अशी टाकी नाही. त्यामुळे जे काम कॅराव्हॅनमध्ये वाहन करते, ते येथे तळाला करावे लागते. तळ ते करीत नसेल, तर ते काम नदीकाठावर, शेताच्या बांधावर आणि शेवटी कोणातरी सफाई कामगाराच्या हातावर येऊन पडते.

पंढरपुरात नेमके हेच घडत होते. २०११ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत लोकसंख्या असलेल्या या शहरात आषाढी एकादशीला त्याच्या दहापटीहून अधिक लोक येतात. परंपरेने दिंड्यांचे तंबू आणि फडांचे मांडव चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहत. यात्रेनंतर वाळवंटातील आणि शहरातील मैला हाताने उचलण्याचे काम सफाई कामगारांकडे येई. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी ही प्रथा निषिद्ध ठरवली आहे. या प्रथेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि तिच्या सुनावणीतून वाळवंटातील तंबूंवर निर्बंध आले. वारकरी संप्रदायातून त्यावर नाराजी व्यक्त झाली. नदीच्या वाळूवरील कीर्तन हा शतकांचा वहिवाटीचा भाग होता. पुढे यात्रेच्या मोजक्या दिवसांपुरती अटींसह मुभा देण्यात आली. या वादात दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ होते. ज्यांच्या हातांमुळे हा प्रश्न न्यायालयात गेला, त्या कामगारांचा आवाज सार्वजनिक चर्चेत सर्वांत कमी ऐकू आला.

वाळवंटातून उठलेल्या तंबूंना पर्यायी जागा हवी होती. २०१५ च्या आषाढीला, तुकाराम मुंढे जिल्हाधिकारी असताना, '६५ एकर' या नावाने ओळखली जाणारी जागा दिंड्यांच्या निवासासाठी मोठ्या प्रमाणावर वापरात आणली गेली. 'भक्तिसागर' हे तिचे आजचे नाव. येथे जवळपास पाचशे भूखंड आखलेले असून ते दिंड्यांना विनामूल्य दिले जातात. अंतर्गत रस्ते, पाणी, शौचालये, वीज, आरोग्य केंद्र आणि पोलीस मदत या सोयी तेथे पुरवल्या जातात. त्याच वर्षापासून 'निर्मल वारी' उपक्रमातून पालखी मार्गावरील मुक्कामांवर फिरती शौचालयेही ठेवली जाऊ लागली.

आकडे मांडून पाहिल्यास या जागेची मर्यादा स्पष्ट होते. ६५ एकर म्हणजे सुमारे २ लाख ६३ हजार चौरस मीटर. रस्ते, वाहने, शौचालये, पाण्याच्या टाक्या आणि चुलींसाठी निम्मी जागा सोडली, तर तंबूंसाठी सुमारे १ लाख ३१ हजार चौरस मीटर उरतात. आपद्ग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'स्फिअर' निकषांनुसार माणशी किमान साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा असावी. या हिशेबाने भक्तिसागरात साधारण साडेसदतीस हजार माणसे राहू शकतात. वारकरी याहून कितीतरी दाटीने झोपतो आणि त्याबद्दल तक्रार करीत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात सामावणारी संख्या मोठी असते. परंतु दाटीने झोपता येते म्हणून पाणी आणि शौचालय यांची गरज कमी होत नाही. साडेसदतीस हजार माणसांना माणशी १५ लिटर या किमान मापाने दररोज सुमारे ५ लाख ६० हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने ते आणायचे तर ५६ खेपा होतात. पन्नास माणसांमागे एक हे आणीबाणीच्या प्रारंभीचे प्रमाण धरले तरी साडेसातशे शौचालये हवीत. वीस माणसांमागे एक धरले तर १८७५. झोपणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली की हे सर्व आकडे दुप्पट होतात. जागेच्या क्षमतेचा आकडा तंबूंवरून जाहीर करण्याऐवजी मैला वाहून नेणाऱ्या व्यवस्थेवरून ठरवला, तर तो बराच खाली येईल आणि अधिक खरा असेल.

शौचालयांच्या संख्येइतकेच त्यांचे स्थान महत्त्वाचे असते. वारीत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांत वयस्कर स्त्रिया पुष्कळ असतात. दिवसभर पंधरा-वीस किलोमीटर चाललेल्या स्त्रीला पहाटे तीन वाजता अंधारातून अर्धा किलोमीटर जावे लागले, तर ती शौचालयाचा वापर टाळते. त्याआधी पाणी पिणेही टाळते. तळाच्या एका टोकाला रांगेने शंभर शौचालये उभारणे कंत्राटदाराच्या आणि मैला उपसणाऱ्या गाडीच्या सोयीचे असते. भूखंडांच्या दर समूहामागे आठ-दहा शौचालये विखुरणे वापरणाऱ्याच्या सोयीचे असते. या दोहोंत मध्य काढायचा तर उपसणाऱ्या गाडीसाठी आतपर्यंत पक्का रस्ता लागतो, म्हणजे प्रश्न पुन्हा मुरुमापाशी येऊन थांबतो. स्नानाच्या आडोशाचीही तीच गत. पुरुष टँकरच्या नळाखाली उघड्यावर अंघोळ उरकतात. स्त्रियांसाठी आडोसा नसेल, तर तळावर पाणी असूनही त्यांच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच.

एक रात्र आणि पाच रात्री

सर्व तळांना एकच मापदंड लावणे योग्य नाही. भंडीशेगावचा किंवा बोरगावचा मुक्काम एका रात्रीचा असतो. तेथे वेगाने उतरणे आणि वेगाने निघणे ही मुख्य गरज आहे. पहाटे कर्णा होतो. एकामागून एक होणाऱ्या तीन कर्ण्यांच्या अवधीत उठणे, आवरणे आणि पालखीसोबत मार्गस्थ होणे हे सारे उरकायचे असते. अशा तळावर सुटसुटीत वाट आणि टँकर लवकर भरण्याची सोय असली की पुष्कळसे साधते. पंढरपुरात दशमीला पोहोचलेली दिंडी मात्र पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबते. पाच-सहा दिवसांच्या मुक्कामात ओला कचरा साठतो, कपडे धुवायचे असतात, आजाऱ्याला सावलीत ठेवायचे असते, कीर्तनासाठी मांडव लागतो. येथील तळाला एका छोट्या गावाचे गुण लागतात. वाखरी या दोहोंच्या मधोमध आहे. तेथे मुक्काम अल्प असला तरी अनेक संतांच्या पालख्या एकत्र येतात, त्यामुळे एका रात्रीची घाई आणि गावाची गर्दी एकाच मैदानावर उतरते.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्यांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, त्या दोन पालखी महामार्गांच्या आराखड्यात दोन्ही बाजूंनी पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गाची तरतूद आहे. दिवेघाट ते मोहोळ हा सुमारे २२१ किलोमीटरचा, तर पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा मार्ग. रस्ता रुंद झाल्याने ट्रक लवकर पोहोचतात. परिणामी तळावर एकाच वेळी येणाऱ्या वाहनांची गर्दी वाढण्याचा संभव असतो. रस्ता आणि तळ यांचे नियोजन वेगवेगळ्या कार्यालयांत होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

जागेचा हक्क आणि तक्रारीची रीत

वारकऱ्याला तळावर आपली जागा ओळखीची हवी असते. ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यात रथापुढे सत्तावीस आणि रथामागे अनेक दिंड्या क्रमांकाने चालतात. हा क्रम दिंडीची ओळख असतो. चालताना ज्याच्या पुढे कोण आणि मागे कोण हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे, त्याला मुक्कामी मात्र दरवर्षी नव्या शेजाऱ्याशी जुळवून घ्यावे लागणे खटकते. शिवाय चुकलेला वयस्कर माणूस आपला तंबू शोधतो तो शेजारच्या दिंडीच्या खुणेवरून. अर्जांच्या क्रमाने भूखंड देण्याची पद्धत निःपक्ष आहे यात शंका नाही. पण दिंड्यांचा शेजार कायम ठेवून वाटप केले, तर हरवणाऱ्यांची संख्या ध्वनिक्षेपकाशिवायही कमी होऊ शकेल. नव्याने निघालेल्या, क्रमांक नसलेल्या दिंड्यांना मात्र अशा व्यवस्थेत कोपऱ्यातील जागा मिळण्याचा धोका राहतो, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही.

तळाच्या व्यवस्थापनाबाबत वारीने स्वतःची एक उत्कृष्ट रीत घडवली आहे. पालखी तळावर आली की दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात व समाज आरती होते. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा करतात. मग ते टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची आणि उद्या निघण्याच्या वेळेची घोषणा होते, त्यानंतर आरती. तक्रारअर्ज, पोचपावती, कार्यवाहीचा अहवाल यांपैकी काहीही येथे नाही. तरीही तक्रार सर्वांसमक्ष नोंदवली जाते आणि ती ऐकून होईपर्यंत सोहळा पुढे सरकत नाही. शासकीय तळांवरील मदत कक्षाला ही तत्परता साधलेली नाही. पाण्याचा टँकर आला नाही ही तक्रार मात्र चोपदारांच्या अखत्यारीत येत नाही, ती तहसीलदारांच्या अखत्यारीत येते, आणि समाज आरतीच्या रिंगणात तहसीलदार उभे नसतात. एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने आरतीपूर्वी तळावर उपस्थित राहण्याचा प्रघात पाडल्यास त्यासाठी वेगळ्या निधीची गरज पडणार नाही.

वर्षाचे उरलेले दिवस

पंढरपूरच्या चार मोठ्या यात्रांपैकी आषाढी व कार्तिकीला तळांवर सर्वाधिक भार येतो. उरलेल्या काळात ही मैदाने रिकामी असतात आणि रिकामे मैदान फार काळ रिकामे राहत नाही. झुडपे वाढतात, नळांच्या तोट्या नाहीशा होतात, कडेने अतिक्रमण सरकत येते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महासाथीमुळे पायी वारी झाली नाही, तेव्हा मार्गावरील मुक्कामांच्या जागांना दोन पावसाळे दिंड्यांचे पाय लागले नाहीत. दर जूनमध्ये तेच मैदान पुन्हा साफ करणे, तेच चर पुन्हा खणणे आणि त्याच जागी पुन्हा मुरूम टाकणे यावर होणारा खर्च देखभालीच्या खर्चाशी ताडून पाहिला जात नाही.

वाखरीचा तळ याला काही अंशी अपवाद आहे. कार्तिकी यात्रेत तेथे जनावरांचा बाजार भरतो. खिलार बैल घेऊन आलेले शेतकरी आणि व्यापारी आपापल्या टेम्पोशेजारी दावणी बांधतात, तेथेच चूल मांडतात आणि तेथेच झोपतात. तेही फिरत्या घराचेच प्रवासी. फक्त त्यांच्या घरात चार पायांची माणसे अधिक. त्यांना सावली हवी, जनावरांसाठी पाण्याचा हौद हवा, शेण उचलून नेण्याची सोय हवी, आणि खुंटा ठोकण्यासाठी हवी तीच काळी माती, जिच्यात आषाढात दिंडीची खुंटी गेली होती.